‘मोठा’ हा टोन नसतो

कवळीवाल्याने इलेक्ट्रिक गिटार घ्यायचं ठरवलं ते सासूसाठी. हे त्याने ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्याच्या डोक्याकडे. पन्नाशी उलटलेली, केस मागे सरकलेले, हात दिवसभर प्लास्टरने आणि मेणाने बरबटलेले. दातांचे डॉक्टर मापं पाठवणार आणि हा पोटमाळ्यावरच्या आपल्या खोलीत कवळ्या करून देणार. इतक्या तोंडांची सोय त्याने लावली, पण त्याच्या स्वतःच्या तोंडातून सूर म्हणावा असा सूर कधी निघाला नव्हता.

पण गोष्ट खरी होती. सासूबाई त्यांच्याकडेच राहत, मागच्या खोलीत. त्यांच्या कानांचं दार गेली काही वर्षं कोणीतरी हलक्या हाताने लोटत आणलं होतं. कानाच्या आतली चिमुकली हाडं ताठ झालीत, ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाला, तर बाईंनी त्याला हात जोडले. “या वयात कापाकापी नको रे बाबा. आणि ऐकण्यासारखं तरी काय उरलंय?” कानाला लावायचं यंत्र आणून दिलं, तेही ड्रॉवरमध्ये जाऊन झोपलं. त्यातून म्हणे सगळ्या जगाची भांडी एकदम घासायला काढल्यासारखी वाजत.

ऐकण्यासारखं एकच उरलं होतं. बाईंच्या आईची अंगाई. आईने बाईंना म्हटली, बाईंनी आपल्या दोन्ही मुलींना म्हटली. धाकटी, म्हणजे कवळीवाल्याची बायको, ती अजून भाजी निवडताना गुणगुणत असे:

नीज गं माझी बाळी, वारा लोटून गेला दार
दिव्याच्या पायाशी गं, बसला दुमडून अंधार
तुझ्या उशाशी ठेवते, माझ्या हाताची सावली
उजेड येईपर्यंत गं, तीच समज माऊली

बायको कधी आईच्या उशाशी बसून हे म्हणे. आई डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघत राही आणि म्हणे, “ओठ हलतायत. छान हलतायत. पुढे?”

“अगं, तूच म्हण की मग! तुझा आवाज तुला ऐकू येतो ना?” बायको कानाशी ओरडायची.

“येतो ना. माझं मला सगळं ऐकू येतं. बिस्किट चावलं तरी डोक्यात खडी फुटते. ही जावईबापूंची कवळी म्हणजे आख्खा कारखाना आहे. पण स्वतःला स्वतःच कोण झोपवतं गं?”

कवळी खडखडते ही तक्रार जावई निमूट ऐकून घेई, कवळी वर नेई, घासे, परत आणून देई. कवळी दर वेळी थोडी लहान होई. तक्रार होती तेवढीच राही.

मग एका दुपारी समोरच्या सभागृहात कोणा पोरांचा वाद्यवृंद तालमीला आला, खिडक्या थरथरल्या, आणि सासूबाई पलंगावर ताठ उठून बसल्या. “हे कोण एवढ्या मोठ्याने रडतंय?”

“इलेक्ट्रिक गिटार आहे, आई!” बायको कानाशी ओरडली.

“मला ऐकू आलं.” बाईंच्या चेहऱ्यावर कोणी दिवा आणून ठेवावा तसं झालं. “असंच पाहिजे. आपलं गाणं असं वाजवा कोणीतरी. एकदा. मग लागू दे दाराला कडी.”

कडी लागायला फार वेळ नव्हता. पुढच्या वर्षी हेसुद्धा ऐकू येईल असं मी म्हणत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. बाईंचा ऐंशीवा वाढदिवस तोंडावर आला होता. पोटमाळ्यावरचं ग्राइंडर खोकून खोकून जीव द्यायला आलं होतं आणि ते बदलण्यासाठी थोडे पैसे बाजूला पडले होते. कवळीवाल्याने ग्राइंडरकडे पाहिलं. ते खोकलं. “खोक अजून थोडे दिवस,” तो म्हणाला आणि बायकोला घेऊन साडूचा सल्ला घ्यायला निघाला.

साडू हे नातं मोठं गमतीचं. रक्ताचं नाही, निवडीचं नाही. एकाच विहिरीत दोघांनी वेगवेगळ्या वर्षी उडी घेतली, एवढीच ओळख. हा साडू थोरला. पाणीपट्टीच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या बैठकीत भिंतीवर गिटारी टांगलेल्या, त्यांच्याखाली हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळ, आणि कोणी “वाजवा ना काहीतरी” म्हटलं की उत्तर तयार: “आज नको. तारा नव्या आहेत, त्यांना बसायला वेळ द्यावा लागतो.” लग्न झाल्यापासून त्याच्या बायकोने त्या तारा बसलेल्या पाहिल्या नव्हत्या. उठलेल्याही नाहीत.

“आधी मला सांगा साडूभाऊ,” साडू आरामखुर्चीत रेलला, “तुम्हाला टोन कोणता हवाय?”

“मोठा,” कवळीवाला म्हणाला.

साडूने डोळे मिटले. शुद्धलेखनाच्या चुका तपासणाऱ्या गुरुजींच्या चेहऱ्यावर येते तशी वेदना त्याच्या चेहऱ्यावर आली. “मोठा हा टोन नसतो.”

“आईंना ऐकू गेलं पाहिजे, बस.”

“ऐकू जाणं ही फार पुढची पायरी आहे. टोन उबदार असतो, कोरडा असतो, काचेसारखा असतो, मधासारखा असतो…”

“भाऊजी, गिटार घ्यायचीय की सरबत?” बायकोने विचारलं.

“तू मध्ये बोलू नकोस गं,” तिची ताई आतून ओरडली. “त्यांना चढलंय आता. उतरेपर्यंत कोणाचं ऐकत नाहीत.”

साडू मग तासभर बोलला. बजेट कमी आहे म्हणजे विचार जास्त केला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आणि विचार करायला तो मोकळाच होता, कारण बजेट दुसऱ्याचं होतं. गिटार जुनी चालेल, पण पायाखालचे डबे, म्हणजे पेडलं, त्यांत हयगय नको. टोनची एक साखळी असते. एक पेडल आवाजाला घुमारा देतं. एक आवाज पाण्यातून आल्यासारखा करतं. तिसरं काळं, जड, सगळ्यांत महाग.

“हे काय करतं?” कवळीवाल्याने विचारलं.

“हे काही करत नाही. हे बाकीच्यांना काही करू देत नाही. नको असलेला आवाज आला की दार बंद!”

“आणि हवा असलेला कोणता ते त्याला कोण सांगतं?” बायको म्हणाली.

साडू हसला. अडाणी प्रश्नाला शहाणी माणसं हसतात तसा. “आणि आवाज मोठा करणारा तो अँप्लिफायर शेवटी. उरेल त्यात. सगळे नवशिके तिथेच फसतात, मोठ्ठा खोका घेऊन येतात. घरात काय लागतो मोठा आवाज?”

ज्याच्यासाठी एवढी धडपड, तीच गोष्ट साखळीतून निखळून खाली पडली, आणि कवळीवाल्याने मान डोलावली. त्याच्यासमोर भिंतीवर इतक्या गिटारी टांगलेल्या होत्या. ज्याच्या घरी एवढं सामान, त्याला कळत असणारच. आपण सगळे असेच फसतो. कपाट बघून वैद्य निवडतो.

जुन्या वाद्यांच्या दुकानात गिटार मिळाली ती हिरडीच्या रंगाची. नेमका तो गुलाबी. कवळीवाल्याने तिला पाहताक्षणी मापात बसवली. दुकानदार म्हणाला, “साहेब, एका हातची आहे. फार वाजवलेली नाही.” ही गोष्ट कवळीबद्दल सांगितली तर गिऱ्हाईक पळेल, गिटारीबद्दल सांगितली तर पाकीट काढतं. पेडलं घेतली, तारा घेतल्या, वायर साडूच्या आग्रहाने जाड आणि सोनेरी टोकांची घेतली. शेवटी उरलं त्यात अँप्लिफायर आला तो साबणाच्या डबीएवढा. बॅटरीवर चालणारा, मागे पट्ट्याला अडकवायची कडी असलेला.

“हा?” बायकोने तो तळहातावर घेऊन कानाशी धरला, शंख धरावा तसा. “हा आईला ऐकू जाणार? हा मला ऐकू येईल की नाही, शंका आहे.”

“भाऊजी म्हणाले…”

“भाऊजी म्हणाले!” आणि ती आत निघून गेली. तिचं आत निघून जाणं मात्र घरभर ऐकू गेलं.

वाजवायचा तुकडा, ज्याला पिक म्हणतात, तो त्याने विकत घेतला नाही. कवळीच्या गुलाबी मसाल्याचा घडवला, घासला, पॉलिश केला. असा देखणा तुकडा कोणा वादकाच्या हाती नसेल. रोज काम संपलं की पोटमाळ्यावर, दातांच्या साच्यांच्या रांगेसमोर, तो बसू लागला. जगातला सगळ्यांत हसरा श्रोतृवर्ग त्याला लाभला होता. एक एक सूर शोधत, वेचत, त्याने अंगाईची पहिली ओळ जमवली. मग दुसरी. बायको जिन्यात उभी राहून म्हणून दाखवायची, तो बोटांनी चाचपायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती जिन्यात उभी आहे आणि आपण तिच्या आवाजामागे चालतोय, हे सुख त्याला नवीन होतं. इथवर सगळं चांगलं चाललं होतं.

मग तार झणझणायला लागली. एका जागी बोट ठेवलं की सुरासोबत माशी अडकल्यासारखा आवाज.

साडूला विचारलं असतं तर त्याने आणखी एक पेडल सांगितलं असतं. त्यापेक्षा कवळीवाल्याने आपलं डोकं वापरलं, आणि इथेच घात झाला. गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, फ्रेट. कवळीवाल्याला त्या दातांसारख्या दिसल्या. आणि दात टोचत असेल तर काय करायचं हे त्याला झोपेतही ठाऊक होतं: निळा कागद घ्यायचा, दातांवर ठेवायचा, चावायला लावायचं, जिथे निळा डाग उमटेल तो दात उंच. तेवढा घासायचा.

त्याने तारेखाली निळा कागद सरकवला, तार दाबली. एका पट्टीवर डाग उमटला. ग्राइंडर खोकलं, पट्टी घासली. झणझण गेली.

पुढच्या पट्टीवर आली. ती घासली, तर तिच्या पुढची उंच झाली. तीही घासली. मग मधलीच एक खाली गेल्यासारखी वाटली, म्हणून तिच्या दोन्ही शेजारणी घासल्या. ज्याने आयुष्यभर लोकांची तोंडं बरोबर केली, त्याला थांबणं शिकवलेलं नव्हतं. कवळीत चूक झाली तर मसाला भरून वाढवता येतं. धातूत नाही. हे त्याला आठवलं तेव्हा वरच्या अर्ध्या मानेवर पट्ट्या नव्हत्या, पट्ट्यांच्या आठवणी होत्या.

बायको चहा घेऊन वर आली. तिने गिटार पाहिली, जमिनीवरचा चमचमता भुगा पाहिला, नवऱ्याचं नाक पाहिलं, तेही चमचमत होतं. जिना उतरता उतरता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा गळ्यात, तिने जुळवलं:

कण कण घासला गं, कणाच गेला वाहून
गाणं उभं दारात, चपला हातात घेऊन

“अहो, निदान अर्धी तरी शिल्लक आहे का?” खालून तिने विचारलं.

“खालची आहे,” तो म्हणाला. “पहिल्या दोन ओळी त्यातच बसतात.”

“आणि तिसरी?”

तिसरी ओळ वर चढत होती. सावली उशाशी ठेवायला आईचा हात जसा उचलला जातो, तशी. आणि वर आता पायऱ्याच नव्हत्या, नुसता उतार होता. बोट ठेवावं तर सूर घसरे. कवळीवाल्याने ती ओळ घसरत, चाचपडत, देवाच्या भरवशावर वाजवायचं ठरवलं.

वाढदिवसाच्या दिवशी सासूबाईंना नवं पातळ नेसवून खुर्चीत बसवलं. थोरली लेक आली, साडू आला. साडूने येताच पेडलं जमिनीवर मांडली, सोनेरी टोकांच्या वायरी जोडल्या, मागे सरून एक डोळा मिटून रांग सरळ आहे का पाहिलं. गिटारीकडे त्याचं लक्ष गेलं नाही. पुढे गिटार असते हे त्याच्या साखळीत नव्हतं.

“टोनमध्ये घाई नसते,” तो जमलेल्यांना म्हणाला. जमलेल्या म्हणजे त्याची बायको आणि मेहुणी. “आधी शांतता ऐकायची.”

“ती मी रोजच ऐकते,” असं सासूबाई म्हणाल्या असत्या, पण त्यांना ऐकू आलं नाही.

कवळीवाला त्यांच्या शेजारी स्टुलावर बसला. त्याने पहिली ओळ छेडली. साबणाच्या डबीतून एक सूर निघाला, भिंतीपलीकडे कोणी शिंकावं तसा, आणि काळ्या पेडलने त्याच्यावर तत्काळ दार बंद केलं. त्या पेडलच्या मते हा आवाज नको असलेला होता. दुसरा सूर निघाला. दार बंद. तिसरा उंबऱ्यातच मेला.

“सुरू करा की,” सासूबाई म्हणाल्या.

“झाली, आई! पहिली ओळ झाली!” थोरली ओरडली.

“काय झालं?”

“ओळ!”

“कोण आलं?”

“थोडं वाढवा साडूभाऊ,” साडू वाकला आणि डबीवरचं चाक टोकापर्यंत फिरवलं. डबी गुरगुरली, एकदा भुंकली, तिचा लाल दिवा मंद मंद होत गेला आणि बॅटरीने राम म्हटला. फक्त पेडलांचे हिरवे दिवे ओळीने लुकलुकत राहिले, तेरवीला जेवायला बसलेल्या पाहुण्यांसारखे.

“टोन मात्र स्वच्छ होता,” साडू म्हणाला.

सासूबाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. बहिरं माणूस फार लवकर ओळखतं. “नाही ना जमलं?” त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. “जाऊ दे हो जावईबापू. ग्राइंडर मात्र उगाच राहिलं तुमचं.” आणि चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी ताटलीतलं बिस्किट उचललं आणि खडखड चावायला लागल्या.

हे ऐकणं कवळीवाल्याला जड गेलं. मघाच्या शेवटच्या सुरावर त्याचं बोट तसंच होतं. चिडून त्याने तार एकदा करकचून ओढली आणि वायर उपटायला रागारागाने वळला. वळला तो गिटारीच्या मानेचा शेंडा सासूबाईंच्या हनुवटीवर ठक्कन आदळला.

“अगंबाई!” थोरली किंचाळली. “वाढदिवसाला सासूला मारता काय!”

“थांबा!” सासूबाई म्हणाल्या.

लेकीला वाटलं लागलं. तिने पाणी आणलं. पण बाईंनी गिटारीचा शेंडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, मांजराचं पिल्लू धरावं तसा, आणि हनुवटी त्याला टेकवलेली होती. तार अजून हलत होती. बाईंचे डोळे छताकडे गेले होते.

“आत्ता काय वाजलं?”

“काही नाही, आई! डबीसुद्धा बंद…” कवळीवाला ओरडला.

“परत.”

त्याने तार छेडली. बाईंनी श्वास धरला. मग बिस्किटाचा घास गिळला, तोंड पुसलं, कवळी अंगठ्याने वर नीट दाबून बसवली आणि, सगळ्यांच्या देखत, गिटारीच्या शेंड्याचं गुलाबी लाकूड करकचून चावलं.

“आई! काय हे!” साडू उठून उभा राहिला. “साडूभाऊ, फिनिश जाईल! दातांचे वण पडतात! पुढे विकायला गेलात तर कोणी…”

“भाऊजी,” कवळीवाल्याची बायको म्हणाली, “तुमचं ते काळं पेडल, बाकीच्यांना काही करू देत नाही ते, तुमच्या तोंडाला बांधता येतं का हो?”

साडू बसला. थोरलीने पदर तोंडाशी नेला. ती रडत होती की हसत होती, ते तिने पुढेही कधी सांगितलं नाही.

कवळीवाल्याने वायर उपटली आणि वाजवायला घेतलं. ना वायर, ना डबी, ना पेडल. खोलीत जेमतेम ऐकू येईल असा आवाज, काटक्या मोडल्यासारखा. पण लाकडातून, जावयाने केलेल्या कवळीतून, जबड्यातून तो आत जात होता, आणि सासूबाईंच्या डोक्यात, जिथे इतकी वर्षं फक्त बिस्किटं फुटत होती, तिथे दार लोटून वारा येत होता. दिव्याच्या पायाशी अंधार दुमडून बसत होता. बाईंचे डोळे मिटले. सुरकुत्यांमधून वाट काढत पाणी आलं आणि लाकडावर टपकलं. फिनिश गेलंच म्हणायचं.

तिसरी ओळ आली. कवळीवाल्याने बोट वर सरकवलं, जिथे पट्ट्या नव्हत्या तिथे, आणि सूर घसरला.

बाईंनी डोळे उघडले. लाकूड तोंडातून सोडलं. शेंड्यावर खालच्या-वरच्या दातांची स्वच्छ रांग उमटली होती. मापाचा साचा घ्यावा इतकी स्वच्छ.

“तिसरी चुकली,” त्या म्हणाल्या.

“पट्ट्या… माझ्याकडून घासल्या गेल्या, आई!” तो कानाशी ओरडला.

“मला पट्ट्यांचं सांगू नका. तो सूर तिथे चढत नाही. आधी थोडा खाली बसतो, मग चढतो. ही तुमची बायकोही तिथेच चुकते. लहानपणापासून.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस?” बायको आईच्या कानाशी उसळली.

“ऐकू येत होतं तेव्हा मी काही बोलले की तुम्ही म्हणायचात, आई, तू गप्प बस.”

साडू वाकून पेडलांची रांग पुन्हा सरळ करू लागला.

बाईंनी तोंड उघडलं आणि स्वतः म्हणून दाखवलं. फाटका, जुना आवाज, पण पाय कुठे टेकायचा हे जाणणारा. ‘तुझ्या उशाशी ठेवते’ म्हणताना तो खरोखर खाली वाकला, जमिनीला हात लावून आल्यासारखा, आणि मग घसरत घसरत वर गेला. पायऱ्यांनी नाही. उतारावरूनच.

कवळीवाल्याने गिटारीच्या उजाड केलेल्या मानेकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती जागची उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली, आणि आईने म्हटलेलं ओठांतल्या ओठांत घोळवू लागली.

“बघता काय? परत,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कवळी पुन्हा अंगठ्याने दाबली, आपल्याच दातांच्या खुणांत दात बरोबर बसवले आणि वाट बघत राहिल्या.